कातळावरच्या बग्गीचं पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन : आखणीपासून चाचणीपर्यंत

माझ्या शेडमध्ये बग्गी बांधायची म्हणून येणारी मुलं पहिला प्रश्न ठरलेला विचारतात, "चाकाला ट्रॅव्हल किती मिळेल?" मी त्यांच्या हातात एक जुना सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद चाकाकडे नेणाऱ्या दांड्यातला, वाकूनही फिरत राहणारा सांधा) ठेवतो आणि सांगतो, हा जितका वाकेल तितका. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद द्यायची असेल, तर चाकाला चॅसिसशी जोडणारे आर्म कितीही लांब करा, शॉकअप कितीही भारी आणा, चाक किती वर-खाली जाणार हे या मुठीएवढ्या सांध्यावरच ठरतं. म्हणून या लेखातला क्रम बाजारात खरेदीला निघणाऱ्या माणसाच्या क्रमापेक्षा उलटा आहे. आधी सांधा, मग आर्म, मग स्टीअरिंगचा दांडा. स्प्रिंग आणि शॉकअप त्यानंतर.

जागेचंही सांगायला हवं, कारण गाडी जागेसाठी बांधायची असते. रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यातला जांभा म्हणजे खरवडणारा, भोकाभोकांचा दगड. मे महिन्यात त्याची लाल धूळ सांध्यांत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. परदेशातल्या वाळवंटात वर्षानुवर्षं टिकणारी जोडणी इथे एका पावसाळ्यात आखडते.

स्वतंत्र सस्पेन्शन घ्यावं का?

आपल्याकडच्या गाड्यांवरूनच फरक ध्यानात येईल. जिप्सीचा पुढचा एक्सल अखंड आहे आणि पाट्यांवर बसवलेला आहे. डावं चाक दगडावर चढलं की तोच एक्सल तरफेसारखा उजव्या चाकाला खाली दाबतो, म्हणून संथ चढाईत दोन्ही चाकं जमिनीला धरून राहतात. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वरचा एक आणि खालचा एक असे दोन आर्म. तिथे डावं चाक काय करतंय हे उजव्या चाकाच्या गावीही नसतं. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी पेटी, चॅसिसला घट्ट बांधलेलं असतं, ते चाकाबरोबर नाचत नाही.

नुसती दगडचढाई करायची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, अखंड एक्सल ठेवा. तो स्वस्त आहे, दणकट आहे, आणि चाक वर गेल्यावर एक्सलच्या गोळ्याखालची उंची कमी होत नाही. स्वतंत्र सस्पेन्शन दबलं की गाडीचं पोटच खाली येतं आणि दगडाला टेकतं.

पण रॉक रेसिंग हा वेगळा प्रकार आहे. कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत २००७पासून होणारी किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. त्यात एकाच दिवशी मोकळ्या वाळवंटात भन्नाट वेगाने पळायचं असतं आणि घराएवढ्या मोठ्या दगडांच्या घळीतून रांगत वरही जायचं असतं. वेगात खड्डे घेताना अखंड एक्सलचं सगळं वजन चाकांबरोबर उसळतं, एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसतो आणि स्टीअरिंग हातात राहत नाही. तिथे स्वतंत्र सस्पेन्शन जिंकतं. दगडांत ते थोडं हरतं, आणि ती हार कमीत कमी कशी ठेवायची यासाठी हा सगळा खटाटोप आहे. आपल्याकडे सड्यावरचा (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावरचा) सपाट पण खडबडीत कातळ आणि मध्येच बंद पडलेल्या चिरेखाणीच्या पायऱ्या, असं मिश्रण सहज मिळतं.

पहिली पायरी : वजन आणि प्रवास कागदावर

पुढचं सगळं समजावण्यासाठी एक गाडी धरू. दोन माणसं आणि भरलेल्या टाकीसह १००० किलो, त्यातलं ४५ टक्के पुढच्या चाकांवर. म्हणजे एका पुढच्या चाकावर २२५ किलो. यातलं चाक, टायर, हब, ब्रेक, नकल (चाकाला धरून वळणारी बैठक) आणि आर्मचा अर्धा भाग मिळून ४५ किलो स्प्रिंगच्या खालचं. उरलेले १८० किलो स्प्रिंग पेलते.

चाकाचा एकूण प्रवास ३०० मिलिमीटर ठरवू. गाडी उभी असते त्या पातळीपासून १७५ वर आणि १२५ खाली. शर्यतीतल्या मोठ्या गाड्यांना याहून बराच जास्त प्रवास असतो, पण त्यांचे सीव्ही खास बनवलेले असतात आणि एका जोडीच्या किमतीत आपली अर्धी गाडी उभी राहते. भंगारातून किंवा सुट्या भागांच्या दुकानातून मिळणाऱ्या सांध्यांवर ३०० चांगले आहेत.

तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. पण अंदाजाने धरू नका. चारही चाकांखाली वजनकाटे लावून मोजा. चॅसिस अर्धी असेल तर इंजिन, गिअरबॉक्स, सीट, टाकी आपापल्या जागी ठेवा आणि माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या.

दुसरी पायरी : सीव्हीचा कोन

डिफरन्शियलकडून चाकाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक शाफ्टला दोन सांधे असतात. आतला, डिफरन्शियलकडचा, वाकतो आणि आत-बाहेर सरकतोही. बाहेरचा, चाकाकडचा, सरकत नाही पण जास्त वाकतो, कारण त्याला चाक वळलेलं असतानाही फिरायचं असतं. नेहमीच्या मोटारींचा बाहेरचा सांधा साधारण ४५ अंशांपर्यंत वाकतो. आतला मात्र २३ ते २६ अंशांतच दम तोडतो. सगळे बाहेरच्या सांध्याची काळजी करतात, तुटतोही तोच जास्त, पण प्रवासाची मर्यादा आतला ठरवतो.

आपल्या गाडीत दोन्ही सांध्यांच्या मध्यांमधलं अंतर ४२० मिलिमीटर आहे असं धरा. गाडी उभी असताना शाफ्ट अगदी आडवा ठेवला, तर चाक १७५ वर गेल्यावर आतल्या सांध्यावर साडेचोवीस अंशांचा कोन येतो. म्हणजे सांधा मर्यादेच्या काठावर, तोही नेमका गाडी दणकून आदळते त्या क्षणी. उपाय फुकटचा आहे. डिफरन्शियलचा मध्य चाकाच्या मध्यापेक्षा २५ मिलिमीटर वर बसवा. आता उभ्या गाडीत शाफ्ट बाहेरच्या बाजूला किंचित उतरता दिसेल, आणि ३०० चा प्रवास वर १५०, खाली १५० असा समान वाटला जाईल. दोन्ही टोकांना कोन २१ अंश. याच २५ मिलिमीटरने डिफरन्शियलचं पोटही दगडापासून तेवढं दूर गेलं.

बाहेरच्या सांध्यासाठी वळण आणि उंची, दोन्ही कोन एकत्र धरावे लागतात. चाक ३० अंश वळलंय आणि शाफ्ट २१ अंश कललाय, तर बेरीज ५१ होत नाही. दोन्ही कोनांच्या कोसाइनचा गुणाकार करायचा आणि त्या उत्तराचा कोन उलटा काढायचा. इथे तो ३६ अंश येतो, म्हणजे ४५ च्या आत पुरेशी जागा उरते. या सांध्याला मी कागदावर किमान ५ अंश मोकळे ठेवतो, कारण आर्मच्या सांध्यांतले बुश दबतात, आर्म लवतात आणि कागदावरची गाडी कधीच दगडावर आदळत नाही.

सरकण्याची जागा तपासायला विसरू नका. स्प्रिंग न लावता चाक पार खाली, मध्यात आणि पार वर नेऊन प्रत्येक वेळी शाफ्ट हाताने आत-बाहेर हलवून पाहा. दोन्ही बाजूंना किमान ४ मिलिमीटर मोकळे मिळाले पाहिजेत. वरच्या टोकाला शाफ्ट आत ठेचला गेला तर डिफरन्शियलच्या बेअरिंगवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो, आणि तो आवाज इंजिनाच्या गोंगाटात ऐकू येत नाही.

तिसरी पायरी : प्लायवूड, पट्ट्या आणि गवंड्याची दोरी

संगणकावर सस्पेन्शनचा आराखडा जरूर करा. त्यानंतरही ८ बाय ४ च्या प्लायवूडवर गाडीच्या अर्ध्या तोंडाचं खऱ्या मापाचं चित्र काढा, असा माझा आग्रह आहे. आर्मच्या जागी लाकडी पट्ट्या, सांध्यांच्या जागी खिळे. पट्टी वर-खाली हलवली की जे दिसतं ते पडद्यावर डोळ्याआड होतं.

खालचा आर्म ४५० मिलिमीटर धरू, वरचा त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे ३४० ते ३५०. वरचा आर्म आखूड असल्याने चाक वर जाताना त्याचा माथा किंचित आत झुकतो. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते तेव्हा हा झुकाव टायरला जमिनीवर सपाट ठेवतो. फार झुकला तर मात्र दगडावर टायरची नुसती कड टेकते आणि बाजूची भिंत फाटते. पूर्ण प्रवासात कॅम्बरचा, म्हणजे समोरून दिसणाऱ्या या झुकावाचा, फरक मी ५ अंशांच्या आत ठेवतो.

आता मुख्य काम. आपल्याकडे चिऱ्याची भिंत बांधताना गवंडी जी दोरी ताणतात ती घ्या. चित्रावर वरच्या आर्मच्या दोन सांध्यांतून एक दोरी गाडीच्या मधल्या बाजूला लांब ताणा. दुसरी खालच्या आर्मच्या दोन सांध्यांतून. दोन्ही एका बिंदूत मिळतील. तिसरी दोरी टाय रॉडच्या, म्हणजे नकलला वळवणाऱ्या स्टीअरिंगच्या दांड्याच्या, दोन टोकांतून ताणा. ती त्याच बिंदूतून गेली पाहिजे. शिवाय टाय रॉडचं आतलं टोक, वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर हवं, आणि बाहेरचं टोक दोन बॉल जॉइंटना (आर्मच्या बाहेरच्या टोकांचे, नकलला धरणारे सांधे) जोडणाऱ्या रेषेवर. या दोन्ही गोष्टी जुळल्या तर चाक वर-खाली होताना स्टीअरिंग आपोआप फिरत नाही. नाही जुळल्या तर गाडी प्रत्येक खड्ड्याला आपलं आपण वळायला बघते. यालाच बंप स्टीअर म्हणतात.

प्रत्यक्षात टाय रॉडचं बाहेरचं टोक त्या रेषेच्या पुढे किंवा मागेच असतं, नाही तर चाक वळणारच नाही. समोरून पाहिलेल्या चित्रात मात्र उंची आणि लांबी जुळायला हवी. शाफ्टलाही हाच न्याय लागू आहे. आतला सीव्ही आर्मच्या आतल्या सांध्यांच्या रेषेजवळ आणि बाहेरचा सीव्ही बॉल जॉइंटच्या रेषेवर असेल, तर शाफ्टला फारसं सरकावं लागत नाही. टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या स्टीअरिंग रॅकची लांबी, डिफरन्शियलची रुंदी आणि आर्मचे सांधे यांची ही एकच गाठ आहे. मुलं रॅक आधी विकत घेतात आणि मग बाकी सगळं त्याच्या मापात बसवू पाहतात. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतली निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

चौथी पायरी : नकल

कोणत्याही मोटारीचा नकल वापरताना बॉल जॉइंटची रेषा किती कललेली आहे आणि ती जमिनीला कुठे टेकते हे पाहा. समोरून तिचा कल ८ ते १० अंश, बाजूने दिसणारा कल, म्हणजे कॅस्टर, ६ ते ८ अंश, हे माझे नेहमीचे आकडे. ती रेषा जमिनीला टेकते तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतलं अंतर ५० मिलिमीटरच्या आत ठेवा. दगड टायरच्या बाहेरच्या कडेवर आदळतो तेव्हा हेच अंतर तरफ होऊन स्टीअरिंगला झटका देतं. रुंद दिसावी म्हणून बाहेर आलेली रिम लावली की हे अंतर दुप्पट होतं. कातळावर गाडी चालवताना अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवून धरू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. चाकाने झटका दिला की आरा अंगठ्यावर आपटतो.

बाजूने पाहिलं तर आणखी एक मोठा फायदा पदरात पाडून घेता येतो. दोन्ही आर्मचा आतला अक्ष पुढच्या बाजूला ८ अंश वर उचला. मग चाक सरळ वर जात नाही, वर जाता जाता मागे सरकतं. आपल्या १७५ मिलिमीटरच्या प्रवासात ते सुमारे २५ मिलिमीटर मागे जातं. चिरेखाणीच्या सरळ कापलेल्या पायरीवर चाक समोरून धडकतं तेव्हा या मागे सरकण्यामुळे धक्का बराच बोथट होतो. याची किंमत म्हणजे ब्रेक दाबल्यावर नाक जास्त खाली जातं. ८ च्या पुढे जायला माझं मन धजत नाही.

पाचवी पायरी : आर्म बनवणं, आणि एक बोल्ट

खालच्या आर्मला मी ३२ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा सीमलेस पाइप घेतो, वरच्याला २५ चा. क्रोमोलीचा (४१३० जातीच्या पोलादाचा) मिळाला तर उत्तम, पण तो टिग वेल्डिंगनेच जोडायचा. खालच्या आर्मच्या पोटाला ४ मिलिमीटरची पट्टी घसरगुंडीसारखी वाकवून लावा, म्हणजे दगडावर पाइप अडकणार नाही, घसरेल.

रॉडने वेल्डिंग करणार असाल तर दमट हवेला विसरू नका. ७०१८ चे रॉड उघड्या पाकिटात एक दिवस राहिले की हवेतलं पाणी शोषतात, आणि त्या पाण्यातला हायड्रोजन जोडाच्या कडेला बारीक भेगा पाडतो. त्या डोळ्याला दिसत नाहीत. रॉड ओव्हनमध्ये २६० ते ४३० अंशांत दोन तास भाजून घ्या आणि गरम डब्यातूनच वापरा. जूनमध्ये शक्यतो आर्मचं वेल्डिंग काढूच नका.

आमच्याकडे कुडाळचे एक वयस्क वेल्डर मामा आहेत. टॅक (तात्पुरता ठिपक्याएवढा जोड) मारायच्या आधी ते दर वेळी म्हणतात, "आधी मोजून घे मरे, मगे वेल्डिंग मार." सगळे आर्म नुसते टॅकवर ठेवा. पूर्ण जोड आठव्या पायरीनंतर, मापं खरी ठरल्यावर.

बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट किंवा युनिबॉल (सगळ्या बाजूंना कलणारं गोल बेअरिंग) लावा. खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला आटे असलेला रॉड एंड लावू नका. तिथे गाडीचं सगळं वजन आट्यांना वाकवतं, आणि आट्यांच्या मुळाशीच तो तुटतो. रॉड एंड ताणायला आणि दाबायला बनवलेला असतो, वाकायला नव्हे. टाय रॉडला तो चालतो, तोही दोन्ही बाजूंनी कानांच्या (बोल्ट ज्यांतून जातो त्या पट्ट्यांच्या) मध्ये पकडलेला.

आता बोल्ट. खाऱ्या हवेत साधा बोल्ट गंजतो म्हणून मी एका गाडीला आर्मचे सगळे बोल्ट स्टेनलेसचे घातले होते. तिसऱ्या दिवशी चिरेखाणीत उडी मारून गाडी टेकली आणि खालच्या आर्मचा मागचा बोल्ट कानाच्या कडेला कापला गेला. चाक मागे वळून केबिनच्या पाइपला लागलं. आत बसलेल्या मुलाच्या पायापासून ते वीतभरच लांब होतं. तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. बाजारात सहज मिळणाऱ्या ए२-७० दर्जाच्या स्टेनलेस बोल्टची ताणशक्ती ७०० मेगापास्कल असते, १०.९ दर्जाच्या पोलादी बोल्टची हजाराच्या वर. आर्मला, टाय रॉडला, शॉकअपला १०.९ चाच बोल्ट. त्याचा आटे नसलेला गुळगुळीत भाग कानांच्या बाहेरपर्यंत आला पाहिजे, कापणाऱ्या जागी आटे नकोत. नायलॉक नट, आणि दरवर्षी नवे बोल्ट. गंजाचा बंदोबस्त ग्रीसने आणि बदलण्याने करा, धातूचा दर्जा उतरवून करू नका.

सहावी पायरी : स्प्रिंग

आता गणित सोपं आहे. पुढच्या भागाला सेकंदाला १.४ हेलकावे हवेत असं धरलं, तर १८० किलोला चाकापाशी १४ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग लागते. या मऊपणावर गाडी आपल्या वजनाने १२७ मिलिमीटर खाली बसते. आपण खालचा प्रवास १२५ ठेवलाय, म्हणजे चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंग नेमकी मोकळी होते पण खुळखुळत नाही. हा मेळ जमवूनच मी प्रवासाची वाटणी केली होती.

पण स्प्रिंग चाकापाशी नसते, आर्मवर आतल्या बाजूला असते. चाक १०० मिलिमीटर गेलं तर शॉकअप ६० जातो असं धरा, म्हणजे प्रमाण ०.६. स्प्रिंग काढताना या प्रमाणाच्या वर्गाने भागायचं. १४ भागिले ०.३६, उत्तर ३९ न्यूटन प्रति मिलिमीटर. एकदाच भागून स्प्रिंग आणली तर ती फार मऊ निघते, आणि ही चूक मी चांगल्या शिकलेल्या मुलांकडून पाहिली आहे. शॉकअपचा स्ट्रोक ३०० गुणिले ०.६, म्हणजे १८०. तुम्ही २०० चा घ्या. स्प्रिंग पूर्ण दाबली गेल्यावर वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही पाहा. आपल्या उदाहरणात ती मोकळ्या लांबीपासून सुमारे १८० मिलिमीटर दबते.

शॉकअप नायट्रोजन भरलेला आणि खोलून दुरुस्त करता येणारा घ्या. कातळावर सलग दहा मिनिटं पळालं की साध्या शॉकअपच्या तेलाला फेस येतो आणि तो नुसती नळी होऊन राहतो. व्हॉल्व्हचं बारीकसारीक जुळवणं प्रत्यक्ष जागेवर करायचं, कागदावर ते होत नाही.

सातवी पायरी : अडवणं

चाक कुठे थांबणार हे शॉकअपवर सोडू नका. खाली जाताना अडवायला कापडी पट्टा लावा, शॉकअप पूर्ण उघडण्याच्या ५ ते ८ मिलिमीटर आधी ताणला जाईल असा. पट्टा वापराने लांबतो, तेवढी जागा धरा. वर जाताना अडवायला रबराचा किंवा हायड्रॉलिक बंप स्टॉप, शेवटच्या ५० मिलिमीटरमध्ये काम सुरू करणारा. या दोन गोष्टींनी सीव्हीचं आयुष्य किती वाढतं ते वापरल्याशिवाय पटत नाही.

आठवी पायरी : बंप स्टीअर मोजणं

प्लायवूडवर दोऱ्या जुळल्या तरी प्रत्यक्ष गाडीवर मोजायचंच. स्प्रिंग काढून टाका. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की ठेवा, पाणसळ लावून. स्टीअरिंग सरळ करून रॅक बांधून टाका. चाक काढून हबला ५०० मिलिमीटर लांबीची सरळ पट्टी आडवी आवळा. तिच्या शेजारी एक उभी फळी, ओळंब्यात. आता जॅकने हब पार खालपासून पार वरपर्यंत २५-२५ मिलिमीटरने उचला. प्रत्येक टप्प्याला पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून फळीचं अंतर मोजा. ३०० च्या प्रवासात अशा १३ नोंदी होतील. मधल्या १०० मिलिमीटरमध्ये दोन्ही टोकांतला फरक १ मिलिमीटरच्या आत आणि एकूण प्रवासात ४ च्या आत आला तर मी समाधानी होतो.

नोंदी वाचायच्या कशा? रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे आहे असं धरून सांगतो. चाक वर जाताना तोंड बाहेर फिरतंय आणि खाली जाताना आत, तर टाय रॉडची उंची चुकली आहे. बाहेरचं टोक वर घ्या किंवा आतलं खाली. उलट दिसलं तर उलट करा. चाक वर आणि खाली दोन्हीकडे जाताना तोंड आतच फिरतंय, तर टाय रॉड आखूड आहे, रॅकचं टोक मध्याकडे सरकवून तो लांब करा. दोन्हीकडे बाहेर फिरतंय, तर तो लांब आहे. रॅक मध्यरेषेच्या मागे असेल तर आत आणि बाहेर हे शब्द अदलाबदल करून वाचा. वॉशर घालून २-२ मिलिमीटरने बदल करा आणि दर वेळी पुन्हा सगळ्या १३ नोंदी घ्या. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खा दिवस जातो. सगळ्या लेखातला एकच दिवस वाचवायचा असेल तर कोणताही वाचवा, हा वाचवू नका.

याच वेळी सीव्हीवरचे रबरी बूट, ब्रेकचा पाइप आणि टायर कुठे घासतात तेही बघा. स्टीअरिंग मोकळं करून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुन्हा वर-खाली. सगळं जुळलं की आर्म काढून पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगने आर्म थोडे ओढले जातात, म्हणून जिग (आर्म मापात पकडून ठेवणारा साचा) लावा आणि नंतर मधल्या पाच नोंदी पुन्हा तपासा. टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) आत २ मिलिमीटर, कॅम्बर शून्य ते उणे १, इथून सुरुवात करा.

चाचणी कुठे आणि कशी

बग्गी रस्त्यावर चालवायची नसते, टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून न्यायची. जागा म्हणून बंद पडलेली चिरेखाण सगळ्यात चांगली, मालकाची परवानगी घेऊन. उघड्या सड्यावर मात्र कुठेही गाडी घालू नका. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर कोरलेली आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अजून मातीखाली किती असतील ते सांगता येत नाही. हजारो वर्षं टिकलेल्या रेषा एका लॉक केलेल्या (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या) डिफरन्शियलने खरवडून निघतील. पावसात सड्यावर फुलं येतात, गुरं चरतात, तेव्हा तर नकोच. आणि समुद्राची पुळण गाडीसाठीही वाईट, कासवांच्या अंड्यांसाठीही.

पाच पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट आणि पक्का रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) याशिवाय पहिली फेरीसुद्धा नाही.

एक चिरा आडवा ठेवून त्यावरून एकच चाक चालण्याच्या वेगाने न्या. मग दोन चिरे. मग दोन्ही चाकांनी एकदम. दर फेरीनंतर बोल्टवर रंगाने मारलेली खूण सरकली का बघा आणि बूटवर हात फिरवा. शॉकअपच्या दांड्यावर एक पातळ ओ-रिंग सरकवून ठेवा. फेरीनंतर ती जिथे थांबली असेल तिथवर शॉकअप दबला होता. रोजच्या फेरीत ओ-रिंग टोकाला पोचत असेल तर स्प्रिंग मऊ आहे किंवा दाब कमी आहे. अर्ध्यावरच राहत असेल तर तुम्ही प्रवास वाया घालवताय.

चालवणाऱ्यासाठी एक सवय. पुढचं डिफरन्शियल लॉक, चाक पूर्ण वळलेलं आणि दगडात अडकलेलं, अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की बाहेरचा सीव्ही जातो. आधी स्टीअरिंग थोडं सरळ करा, मग ताकद द्या.

फेरीनंतरची निगा

गोड्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा जोरदार फवारा बॉल जॉइंट आणि बूटवर मारू नका, पाणी आत शिरतं. सीव्हीमध्ये मोलिब्डेनमचं काळं ग्रीस, दुसरं काही नाही. बुशना आणि बॉल जॉइंटना बोटीला वापरतात ते पाणी न धरणारं ग्रीस चालतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे बोटींचं सामान मिळतं तिथे ते मिळेल. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या युनिबॉलला मात्र ग्रीस लावू नका, त्याला धूळ चिकटते आणि अस्तर खाते. ते सांधे कोरड्या फडक्याने पुसून वरून रबरी टोपी चढवायची.

पावसाळ्याआधी गाडी उभी करताना स्प्रिंगवरचा भार काढून ती घोड्यांवर ठेवा. सगळे बोल्ट एकेक करून बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला. चार महिने न हललेला बोल्ट गणपतीनंतर बुशमधून निघत नाही, मग तो कापावा लागतो आणि त्याच्याबरोबर आर्मचा कानही.